पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स: बालशोषण ओळखण्याचं सक्तीचं प्रशिक्षण कितीला पडतं?

पेनसिल्व्हेनियात नर्स, डॉक्टर, डेंटिस्ट, फार्मासिस्ट किंवा फिजिओथेरपिस्ट म्हणून लायसन्स काढायचं, तर डिग्री आणि परीक्षेवर भागत नाही. बालशोषण कसं ओळखावं आणि त्याची खबर कुठे, कशी द्यावी याचं तीन तासांचं प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय राज्य लायसन्स देत नाही. पुढे प्रत्येक रिन्यूअलला, म्हणजे दर दोन वर्षांनी, आणखी दोन तास. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या नर्सेस किंवा लग्नानंतर फिलाडेल्फिया-पिट्सबर्गला जाऊन पुन्हा प्रॅक्टिस सुरू करू पाहणाऱ्या डेंटिस्ट आणि फिजिओ यांचा पहिला प्रश्न असतो, याला पैसे किती? खरं तर एक डॉलरही लागत नाही. पैसे जातात ते घाईत आणि चुकीचा कोर्स घेतल्यामुळे.

ही अट आली कुठून?

२०११ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचा माजी फुटबॉल प्रशिक्षक जेरी सँडस्की याला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल अटक झाली. संशय असूनही मोठमोठी माणसं गप्प बसली, हे त्यातून उघड झालं. राज्याने समिती नेमली, कायदे धडाधड बदलले. त्यातलाच एक ‘अ‍ॅक्ट ३१’. तो २०१४ चा, आणि १ जानेवारी २०१५ पासून लागू आहे. आरोग्याशी संबंधित बोर्डांकडून लायसन्स घेणारे जवळजवळ सगळे त्यात येतात: मानसोपचारतज्ज्ञ, सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, इतकंच काय, अंत्यविधी करणारे फ्युनरल डायरेक्टरसुद्धा. ‘मी तर फक्त मोठ्यांवर उपचार करते’ म्हणून सुटका होत नाही.

खर्चाचा हिशेब

• पिट्सबर्ग विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स: फुकट. तीन तासांचा आहे, त्यामुळे नव्या लायसन्सलाही चालतो आणि रिन्यूअललाही. एका बैठकीत संपवायची सक्ती नाही. मुलं झोपल्यावर थोडा थोडा केला तरी चालतो.

• तुमच्या रुग्णालयाचा किंवा व्यावसायिक संघटनेचा कोर्स: बऱ्याचदा कर्मचाऱ्यांना आणि सभासदांना फुकट. आधी एचआरला विचारा.

• खाजगी कंपन्यांचे कोर्स: साधारण १५ ते ४० डॉलर. तुमच्या व्यवसायाला धरून उदाहरणं हवी असतील, किंवा बाकीच्या क्रेडिट तासांचं पॅकेज एकत्र घ्यायचं असेल, तरच यात अर्थ आहे. राज्याच्या लेखी फुकटचा आणि विकतचा कोर्स सारखाच.

‘क्लिअरन्स’ची गल्लत इथे करू नका. मुलांशी थेट संबंध येणाऱ्या नोकरीसाठी मालक जी प्रमाणपत्रं मागतो, ती वेगळी. बालशोषणाच्या नोंदीत तुमचं नाव नसल्याचा दाखला १३ डॉलर, राज्य पोलिसांचा दाखला २२ डॉलर, शिवाय एफबीआयसाठी बोटांचे ठसे, त्याची फी निराळी. हे दाखले पाच वर्षं चालतात. ते काढले म्हणून प्रशिक्षण माफ होत नाही, आणि प्रशिक्षण झालं म्हणून दाखले माफ होत नाहीत.

पैसे वाया जातात ते कसे

पहिली चूक, यादी न बघता कोर्स विकत घेणं. राज्याच्या मानवसेवा विभागाने मंजूर केलेल्या संस्थांचेच कोर्स चालतात. ती यादी लायसन्स देणाऱ्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर आहे. न्यूयॉर्कमध्येही असं दोन तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, पण ते त्या राज्याच्या कायद्यापुरतं. शेजारच्या राज्याचं सर्टिफिकेट इथे चालेल, हे गृहीत धरू नका.

दुसरी चूक, सर्टिफिकेट स्वतः पाठवत बसणं. ‘मी तर पीडीएफ अपलोड केलं होतं’ या म्हणण्याला तिथे किंमत नाही. कोर्स पुरा झाल्याची नोंद संस्थेनेच राज्याकडे ऑनलाइन पाठवायची असते. ती चढायला आठवडाही लागू शकतो. लायसन्स ३१ डिसेंबरला संपणार आणि तुम्ही कोर्स ३० तारखेला केलात, तर खोळंबा ठरलेला.

तिसरी खास आपली अडचण, नावाची. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतरच्या कागदांवर नवऱ्याचं, डिग्रीवर माहेरचं आडनाव, आणि कोर्सला नाव नोंदवताना घाईत मधलं नाव गाळलेलं. नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे आकडे जुळले नाहीत, की तुमची नोंद तुमच्या अर्जाला जोडलीच जात नाही. लायसन्सच्या अर्जावर जसं नाव लिहिलंय, अक्षरन् अक्षर तसंच कोर्समध्ये लिहा.

हे तास वेगळे धरायचे का?

नाही. रजिस्टर्ड नर्सला दोन वर्षांत ३० तासांचं सततशिक्षण लागतं, हे दोन तास त्यातच धरतात. डॉक्टरांच्या १०० तासांतही ते बसतात, फार्मासिस्टच्या ३० तासांतही. ओपिऑइड औषधांचं प्रशिक्षण मात्र निराळं. ते करून इकडची अट पुरी होत नाही. शाळेत काम करताना किंवा मानवसेवा विभागाच्या नियमांखाली असंच प्रशिक्षण आधी झालं असेल, तर बोर्डाकडे सूट मागता येते. पण कागद जमवून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा फुकटचे तीन तास बरेच लवकर संपतात.

तीन तासांत शिकायचं काय?

नुसतं क्लिक करत पुढे जाण्यासारखा हा कोर्स नाही. दोन गोष्टी पक्क्या करा. एक, पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. संशयाला रास्त कारण आहे, एवढं पुरतं. दोन, खबर स्वतः द्यायची. ‘मेट्रनच्या कानावर घातलं होतं’ एवढ्याने जबाबदारी संपत नाही. आधी राज्याच्या बालशोषण हेल्पलाइनला, म्हणजे चाइल्डलाइनला कळवायचं, मग वरिष्ठांना. फोनवर खबर दिली, तर ४८ तासांत लेखी अहवालही द्यावा लागतो. जाणूनबुजून खबर न देणं हा गुन्हा आहे. खबर चांगल्या हेतूने दिली असेल आणि संशय पुढे खोटा ठरला, तरी कायदा तुम्हाला संरक्षण देतो.

खुणा कशा वाचायच्या, त्याचंही एक उदाहरण. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ एक साधा नियम वापरतात: चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळंनिळं दिसलं, किंवा चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही दिसलं, तर थांबून विचार करा. जे बाळ अजून पालथंही पडत नाही, ते स्वतः कुठे आपटणार? उलट आपल्याकडच्या अनेक बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर करडे डाग असतात. ते माराचे नव्हेत. माराचं काळंनिळं दिवसागणिक रंग बदलत विरतं, जन्मडाग आठवडाभरात बदलत नाही. भारतीय बाळ तपासताना सहकारी गोंधळले, तर हे तुम्हीच सांगू शकाल. आणि नव्या बाळाला घेऊन जाणाऱ्या मराठी आईबापांनी तो डाग पहिल्याच भेटीत फाईलमध्ये नोंदवून घेतलेला बरा.

भारतातून गेलेल्यांना हा विचार नवा वाटू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ लैंगिक शोषणाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याची सक्ती करतं, आणि न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे डॉक्टरच्या नोंदणीला असा कोर्स जोडलेला नाही.

क्रम असा ठेवा

लायसन्सच्या अर्जावरचं नाव समोर ठेवा. मंजूर यादी उघडा. फुकटचा कोर्स मुदतीच्या निदान महिनाभर आधी संपवा. दहा दिवसांनी लायसन्सच्या ऑनलाइन खात्यात नोंद चढली का, ते बघा. नसेल, तर आधी कोर्सच्या संस्थेला ईमेल करा, बोर्डाला नंतर. सर्टिफिकेटची प्रत स्वतःकडे जपून ठेवा, वाद झाला तर तोच आधार. आणि पेनसिल्व्हेनियाच्या चाइल्डलाइनचा नंबर फोनमध्ये टाका: १-८००-९३२-०३१३. चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत.