वायलाकी : ईल नदीकाठचे लोक आणि त्यांच्या हद्दी

अमेरिकेतील आदिवासी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिसांचा मुकुट घालून घोड्यावर बसलेला योद्धा उभा राहतो. हे चित्र इंग्रजी सिनेमाने आपल्या मनात रुजवले आहे. प्रत्यक्षात गोरे लोक येण्यापूर्वी त्या खंडात शेकडो भाषा बोलणारे शेकडो समाज नांदत होते. एकट्या कॅलिफोर्नियातच सत्तरहून अधिक भाषा होत्या. त्यांपैकी वायलाकी या एका लहान समाजाची ओळख करून देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. हे वाचन करताना एक प्रश्न मला सतत पडत होता. ज्या लोकांजवळ लेखी कागद नव्हता, त्यांची जमीन कोणाचीच नव्हती असे म्हणता येईल काय?

नावाचा उगम

'वायलाकी' हे नाव या लोकांनी स्वतः धारण केलेले नाही. ते त्यांच्या पूर्वेकडील विंटू लोकांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ 'उत्तरेकडची भाषा' असा होतो. शेजाऱ्यांनी दिलेले नाव गोऱ्यांनी उचलले आणि तेच पुस्तकांत कायम झाले.

ज्या नदीकाठी हे लोक राहत, तिच्या नावाचीही अशीच गोष्ट आहे. १८५० च्या प्रारंभी जोसाया ग्रेग यांची तुकडी वाट शोधत किनाऱ्याकडून चालली होती. भुकेने व्याकुळ झालेल्या या माणसांनी नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या लोकांना फुटक्या तव्याचे तुकडे देऊन मासे घेतले आणि नदीला 'ईल', म्हणजे वाम माशाची नदी, असे नाव दिले. वास्तविक ते मासे वाम नव्हतेच. लॅम्प्रे नावाचा तो एक निराळा, जबडा नसलेला मासा होता. नदीचे नाव चुकीने पडले आणि लोकांचे नाव परभाषेतून आले. नकाशावर मात्र दोन्ही पक्की झाली.

वायलाकी भाषा अथाबास्कन कुळातील आहे. लॅसिक, नाँगाटल व सिंक्योन हे जवळचे समाज त्याच कुळातले. हजारो मैलांवरील अलास्का व कॅनडातील अनेक समाज, तसेच नैर्ऋत्येकडील वाळवंटातील नव्हाहो व अपाची हेही भाषेने त्यांचे दूरचे नातलग ठरतात. उलट, अगदी लागून राहणाऱ्या दक्षिणेकडील युकी लोकांच्या भाषेशी वायलाकीचे काहीच नाते नाही.

तीन शाखा व त्यांचे गट

वायलाकींचा मुलूख उत्तर-पश्चिम कॅलिफोर्नियात, मुख्यत्वे आजच्या मेंडोसिनो व ट्रिनिटी या जिल्ह्यांत येतो. ईल नदीचा मधला टप्पा, तिला मिळणारा उत्तर फाटा आणि केकावाका व हॉर्सशू बेंड हे ओढे एवढा हा डोंगराळ प्रदेश आहे. अभ्यासकांनी त्यांच्या तीन शाखा मानल्या आहेत. मुख्य नदीवरचे ते ईल नदीचे वायलाकी. उत्तर फाट्याच्या खालच्या भागातील ते उत्तर फाट्याचे वायलाकी. त्याच फाट्याच्या वरच्या अंगाला, हल ओढ्याच्या परिसरात राहणारे ते पिच वायलाकी. सी. हार्ट मेरियम यांनी या तिघांची नावे अनुक्रमे त्सेन्नाकेन्ने, बाह्नेको व चेतेग्गेका अशी नोंदविली आहेत.

शाखा ही अभ्यासकाच्या सोयीची गोष्ट होती. माणसाची रोजची ओळख मात्र त्याहून लहान अशा गटाची असे. बास-कैया, स्ला-कैया, तातिशो-कैया अशी या गटांची नावे आहेत. 'कैया' म्हणजे लोक. आपल्याकडे सातारकर, नगरकर म्हटले की माणूस कुठला ते कळते, तसाच हा 'कैया' प्रत्यय जणू समजावा. मुख्य नदीच्या दोन्ही तीरांवर असे डझनभराहून अधिक गट होते. प्रत्येक गटाकडे नदीचा ठरावीक टप्पा असे आणि त्या टप्प्यापासून वर डोंगराच्या धारेपर्यंतची जमीनही त्याच गटाची असे.

ही आखणी त्यांच्या वर्षक्रमाशी जुळलेली होती. पावसाळी हिवाळ्यात ते नदीकाठच्या गावांत राहत आणि नदीत चढून येणारे सामन मासे धरत. उन्हाळ्यात बायकामुलांसह वर डोंगरावर जात. तेथे हरणांची शिकार होई, कंद व गवताचे बी गोळा केले जाई. शरद ऋतूत ओक वृक्षाची फळे वेचून साठवीत. ती कडू असतात, म्हणून त्यांचे पीठ करून पाण्याने पुनःपुन्हा धूत आणि विणलेल्या टोपलीत तापलेले दगड टाकून त्याची पेज शिजवीत. नदी, उतार व डोंगरमाथा या तिन्हींवर हक्क असल्याखेरीज वर्ष निभावत नसे. म्हणून गटाची हद्द ही त्यांच्या पोटाची हद्द होती.

ही माहिती आपल्याला मिळते ती प्रामुख्याने प्लिनी अर्ल गोडार्ड यांच्यामुळे. पूर्वी हूपा येथे मिशनरी असलेले हे गृहस्थ पुढे भाषाशास्त्रज्ञ झाले. वृद्ध वायलाकींना बरोबर घेऊन त्यांनी नदीकाठ पाहिला आणि पडक्या घरांचे खड्डे, ओढे व खडक यांची नावे लिहून घेतली. त्यांचे वायलाकींच्या प्रदेशावरील लेखन १९२३ मध्ये आणि पिच शाखेवरील १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या जमिनीवरून हुसकल्याला अनेक वर्षे लोटली होती, तिचा खडक न् खडक त्या वृद्धांना तोंडपाठ होता. आमच्या घरात सातबाराचा उतारा वाचू शकणारी मी पहिली. पण शेताची हद्द मला शिकवली ती अक्षरओळख नसलेल्या आजोबांनीच. त्यामुळे या वृद्धांच्या स्मरणाचे मोल मला विशेष वाटते.

१८५४ नंतरचा इतिहास

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि गोऱ्यांचा लोंढा सुरू झाला. १८५० च्या एका कायद्याने आदिवासींना, त्यांच्या मुलांसुद्धा, बांधील मजूर म्हणून ठेवण्याची वाट मोकळी झाली. कॅलिफोर्नियातील अनेक जमातींशी केलेले अठरा तह अमेरिकेच्या सिनेटने १८५२ मध्ये नाकारले; ते १९०५ पर्यंत गुप्त राहिले.

१८५४ मध्ये गोरे लोक युकींच्या राउंड व्हॅली या सुपीक खोऱ्यात शिरले. त्यांनी गुरे, घोडे व डुकरे आणली. डुकरांनी ओकची फळे संपवली, गुरांनी गवताचे बी खाल्ले. उपाशी लोकांनी जनावरे मारली की गोरे त्याचा सूड माणसे मारून घेत. १८५९ मध्ये वॉल्टर जार्बो याने 'ईल रिव्हर रेंजर्स' नावाची तुकडी उभारली आणि गव्हर्नर वेलर यांनी तिला मान्यता दिली. १८६० च्या जानेवारीत ती मोडली, तेव्हा जार्बोने स्वतःच हिशेब दिला : २८३ ठार, २९२ कैद. यात युकींप्रमाणे वायलाकीही बळी पडले. १८६१ मध्ये हॉर्स कॅन्यन येथे वायलाकींची मोठी कत्तल झाली. पुढच्या वर्षी राखीव जमिनीवर आश्रयाला आलेल्या वायलाकींवरही गोऱ्यांनी गोळ्या झाडल्या.

आकडे वाचून जे कळत नाही ते ल्युसी यंग यांच्या आठवणींतून कळते. लॅसिक व वायलाकी समाजातील या बाई १८४६ च्या सुमारास जन्मल्या व १९४४ मध्ये वारल्या. त्यांची सांगितलेली हकीकत १९४१ मध्ये छापली गेली. लहानपणी त्या सैनिकांच्या हाती सापडल्या, गोऱ्यांच्या घरी कामाला ठेवल्या गेल्या आणि पुनःपुन्हा पळाल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीला एका गोऱ्याने नेले. ती त्यांना पुन्हा कधीच दिसली नाही.

उरलेल्या बऱ्याच वायलाकींना राउंड व्हॅलीत आणण्यात आले. १८५६ मध्ये 'नोम कल्ट फार्म' म्हणून सुरू झालेली ही जागा पुढे राखीव प्रदेश ठरली. तेथे युकी, वायलाकी, कोंकाऊ, पोमो, नोमलाकी व पिट रिव्हर अशा निरनिराळ्या भाषांच्या, काही तर परस्परांशी वैर असलेल्या लोकांना एकत्र कोंबले गेले. एकमेकांशी बोलायला त्यांना अखेर इंग्रजीच उरली. वायलाकींची मूळ लोकसंख्या क्रोबर यांनी सुमारे १००० मानली होती. बॉमहॉफ यांनी १९५८ मध्ये गोडार्ड व मेरियम यांच्या नोंदी तपासून ती अडीच हजारांहून अधिक धरली. १९१० च्या शिरगणतीत २२७ वायलाकी उरले होते.

अलीकडचा काळ

१९३६ मध्ये राउंड व्हॅलीतील जमातींनी आपली लेखी घटना स्वीकारली. १९६० नंतरच्या दशकात दोस रिओस धरणाखाली हे सारे खोरे बुडवण्याची योजना निघाली. तीव्र विरोधानंतर १९६९ मध्ये गव्हर्नर रेगन यांनी ती नाकारली. ईल नदीवरील दोन जुनी धरणे काढून टाकण्याविषयी २०२५ मध्ये झालेल्या करारात तर या जमाती एक पक्ष म्हणून बसल्या. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी आदिवासींची जाहीर क्षमा मागितली व घडले तो वंशसंहार होता असे म्हटले. जार्बोच्या तुकडीमागे राज्याचे पहिले सरन्यायाधीश हेस्टिंग्ज हेही होते. त्यांच्या नावाच्या कायदा महाविद्यालयाचे नाव १ जानेवारी २०२३ पासून बदलण्यात आले. भाषेच्या बाबतीत २०१७ मध्ये कायला बेगे यांनी बर्कले येथील विद्यापीठात वायलाकी व्याकरणावर प्रबंध पूर्ण केला. जुन्या टिपणवह्या पुन्हा उघडल्या गेल्या त्या अशा.

समारोप

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला बास-कैया, स्ला-कैया या नावांत सापडते. भटक्या, रानटी म्हणून ज्यांना हुसकले, त्यांच्या मुलखात प्रत्येक ओढ्याला नाव आणि प्रत्येक टप्प्याला धनी होता. नोंद नव्हती ती सरकारी दप्तरात. लोकांच्या तोंडी ती होतीच, आणि ऐकणारा भेटल्यावर कागदावरही उतरली. मात्र गोडार्ड यांना माहिती देणारे फार थोडे उरले होते. त्यांच्याआधी जे गेले, त्यांच्याबरोबर किती गटांची आणि किती ओढ्यांची नावे गेली, ते आता कोणालाही मोजता येणार नाही.