मृषावाद आणि सत्तेचा प्रवक्ता



पंचशील ग्रहण करताना चौथ्या शीलाने आपण मृषावादापासून, म्हणजे खोटे बोलण्यापासून, अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा करतो. परंतु जो दुसऱ्याच्या वतीने बोलतो, त्याला हे शील लागू आहे काय? "मला वरून सांगितले, तेच मी बोललो," असे म्हणून सरकारचा प्रवक्ता मोकळा होऊ शकतो काय? आजच्या पाठात याचा विचार करू.

मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. भगवंतांनी पाय धुतले व भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवून ते राहुलाला दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रामण्य एवढेच अल्प होय, हा त्याचा अर्थ. मग त्यांनी ते पाणी फेकले, भांडे पालथे घातले, आणि शेवटी सरळ करून रिकामे भांडे दाखविले. ज्याला खोट्याची लाज नाही, तो कोणतेही पाप करू शकतो, असे त्यांनी बजावले.

हा उपदेश केवळ भिक्खूंपुरता नाही. राजस्थानात बैराट येथे सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिका यांनी वारंवार ऐकावीत अशी बुद्धवचने सांगितली आहेत. त्यांत राहुलाला मृषावादाविषयी केलेला हा उपदेश आहे. एका राज्यकर्त्याने तो निवडावा, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

आता अमेरिकेचे उदाहरण पाहू. १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरलेली पाच माणसे पकडली गेली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे प्रवक्ते रॉन झीग्लर यांनी तो किरकोळ चोरीचा प्रयत्न ठरविला. वृत्तपत्रांच्या बातम्या ते महिनोन्‌महिने झिडकारत राहिले. १७ एप्रिल १९७३ रोजी त्यांनी सांगितले की, आधीची विधाने आता लागू नाहीत. ती खोटी होती, असा शब्द नाही! पुढे १ मे १९७३ रोजी त्यांना 'वॉशिंग्टन पोस्ट'ची माफी मागावी लागली, आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले.

व्हिएतनाम युद्धाविषयीच्या असत्यानेही हेच भांडे रिकामे केले होते. १९६४ साली शंभरातील ७७ अमेरिकन लोक सरकारवर बहुतेक वेळा विश्वास ठेवीत. १९७४ साली ३६ उरले. एकदा विश्वास गेला की सरकारचे खरे बोलणेही लोकांना खोटे वाटते. साथीची सूचना असो वा पुराचा इशारा, त्याची झळ प्रथम गरिबाला लागते.

परंतु दुसराही मार्ग आहे. नवे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचे प्रवक्ते जेराल्ड टरहॉर्स्ट यांना पदावर येऊन एकच महिना झाला होता. ८ सप्टेंबर १९७४ रोजी फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली. या निर्णयाचे समर्थन आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, म्हणून टरहॉर्स्ट यांनी राजीनामा दिला. पगार हा मृषावादाचा परवाना नव्हे, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

लोकांचेही कर्तव्य आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. पुढारी आपला म्हणून त्याचे खोटे पचविणारा त्या खोट्याचा भागीदार होतो.

आणि आपल्या विहाराचा, मंडळाचा चिटणीस हाही प्रवक्ताच आहे. वर्गणीचा हिशेब सांगताना त्याच्या भांड्यात किती पाणी आहे?

त्याच सुत्तात भगवंतांनी आरशाची उपमा दिली आहे. बोलण्यापूर्वी, बोलताना आणि बोलल्यानंतर आपल्या वाणीकडे पाहावे. चूक आढळल्यास ती उघड कबूल करावी व पुढे संयम पाळावा.

मननासाठी प्रश्न:
१. "विधान लागू नाही" आणि "मी खोटे बोललो" यांत कोणता फरक आहे?
२. आपल्या पक्षाचे खोटे आपण किती वेळा पचविले?