एका पानाचा फरक : ‘पॉडकेन ऑफ मार्स’चे दोन शेवट आणि वाचकांचा कौल

रॉबर्ट ए. हाइनलाइन (१९०७-१९८८) या अमेरिकन विज्ञानकथाकाराची ‘पॉडकेन ऑफ मार्स’ ही कादंबरी १९६२-६३ मध्ये ‘वर्ल्ड्स ऑफ इफ’ या नियतकालिकातून क्रमशः आणि १९६३ मध्ये पटनम या प्रकाशनसंस्थेकडून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वाङ्मयीन गुणवत्तेच्या निकषावर ती हाइनलाइनच्या श्रेष्ठ कृतींत गणली जात नाही. तथापि वाचकांच्या मतांचा समीक्षेत पुरावा म्हणून कितपत आणि कसा उपयोग करावा, या प्रश्नाच्या अभ्यासाला तिच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. या कादंबरीला दोन शेवट आहेत आणि त्यांपैकी कोणता योग्य, याचा कौल वाचकांकडून लेखी स्वरूपात मागविण्यात आला होता.

हाइनलाइनने १९४७ ते १९५८ या काळात स्क्रिब्नर्स या संस्थेसाठी कुमार वाचकांकरिता बारा अंतराळकादंबऱ्या लिहिल्या. या मालिकेच्या संपादिका अ‍ॅलिस डॅल्ग्लीश यांच्याशी त्याचे वारंवार मतभेद होत. ‘रेड प्लॅनेट’ (१९४९) मधील मुलांच्या हाती शस्त्रे असण्यावरून झालेला वाद प्रसिद्ध आहे. १९५९ मध्ये ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही कादंबरी स्क्रिब्नर्सने नाकारली, ती पटनमने छापली, आणि पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो पारितोषिक मिळाले. कुमारांनी काय वाचावे हे प्रौढांनी ठरविण्याचा जाच आता संपला, असे लेखकाला वाटले असल्यास नवल नाही. ‘पॉडकेन’च्या वेळी तो जाच नव्या प्रकाशकाकडून पुन्हा समोर आला.

कादंबरीचे कथानक साधे आहे. मंगळावर जन्मलेली पॉडकेन फ्राइझ ही किशोरवयीन मुलगी अंतराळयानाची कप्तान होण्याचे स्वप्न पाहते. तिची आई नामांकित अभियंता, वडील इतिहासाचे अभ्यासक. या दांपत्याने पुढे सवडीने वाढविण्यासाठी पाळणाघरात गोठवून ठेवलेली तीन अर्भके तेथील चुकीमुळे एकाच वेळी जागी केली जातात आणि कुटुंबाचा पृथ्वीप्रवास रद्द होतो. अखेर पॉडकेन आणि तिचा अकरा वर्षांचा असामान्य बुद्धिमान, पण भावशून्य भाऊ क्लार्क हे दोघे सिनेटर असलेल्या अंकल टॉमबरोबर ‘ट्रायकॉर्न’ या प्रवासी यानातून निघतात. मार्गात शुक्रावर राजकीय हेतूने त्यांचे अपहरण होते. सुटकेसाठी क्लार्क स्वतःजवळ लपवून ठेवलेला छोटा अणुबाँब कार्यान्वित करतो. सुटून निघालेली पॉडकेन मागे राहिलेले ‘परी’ या शुक्रवासी प्राण्याचे पिल्लू आणण्यासाठी परत फिरते आणि स्फोटात सापडते. पिल्लू मात्र वाचते.

मूळ हस्तलिखितात पॉडकेनचा मृत्यू होतो. प्रकाशकाला हे मान्य झाले नाही. हाइनलाइनने कडवा विरोध करून अखेर बदल केला. छापील आवृत्तीत ती गंभीर जखमी होते, परंतु बरी होईल अशी आशा उरते. आपला प्रतिनिधी लर्टन ब्लासिंगेम याला लिहिलेल्या पत्रात त्याने या बदलाची तुलना रोमिओ आणि ज्युलिएट यांना सुखाने नांदविण्याशी केली होती. त्याच्या निधनानंतर १९८९ मध्ये आलेल्या ‘ग्रम्बल्स फ्रॉम द ग्रेव्ह’ या पत्रसंग्रहातून मूळ शेवट प्रथमच वाचकांसमोर आला. १९९३ मध्ये बेन बुक्स या संस्थेने दोन्ही शेवट एकाच पुस्तकात छापले आणि वाचकांना आपली पसंती निबंधरूपाने कळविण्याचे आवाहन केले. १९९५ च्या आवृत्तीत दोन्ही शेवटांबरोबर प्रकाशक जिम बेन यांचे टिपण आणि वाचकांचे पंचवीस निबंध समाविष्ट झाले. पॉडकेनच्या मृत्यूचा शेवट विजयी ठरला.

विजयी पक्षाने मुख्यतः दोन कारणे मांडली. एक, लेखकाला आपली कथा आपल्या इच्छेप्रमाणे संपविण्याचे स्वातंत्र्य असले पाहिजे. दोन, बदललेल्या शेवटामुळे शोकांतिकेचे निव्वळ साहसकथेत, आणि तेही फारशा घट्ट नसलेल्या साहसकथेत, रूपांतर होते. ही दोन कारणे वरवर एकाच बाजूची असली तरी त्यांची जात भिन्न आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पहिले कारण संहितेविषयी नाहीच. ते लेखक आणि प्रकाशक यांच्या अधिकारांविषयी आहे. मूळ शेवट याहून कितीतरी वाईट असता, तरीही हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडला असता. दुसरे कारण मात्र रचनेविषयी आहे आणि त्याची परीक्षा संहितेच्या आधारेच होऊ शकते.

ही सरमिसळ स्पर्धेच्या स्वरूपातूनच उद्भवली. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ पासून मांडलेल्या अभिग्रहणविचारात वाचकाचे ‘अपेक्षा-क्षितिज’ ही मध्यवर्ती कल्पना आहे. १९६३ चा वाचक पुस्तक उघडतो तेव्हा त्याच्या क्षितिजावर कुमार-अंतराळकथेचे संकेत असतात. १९९३ चा स्पर्धक वाचक पुस्तक उघडतो तेव्हा दोन शेवट, दिवंगत लेखकाची तक्रार, प्रकाशकाची सक्ती, एवढे सर्व त्याच्यासमोर आधीच मांडलेले असते. त्याने वाचली ती कादंबरी नव्हे. एका कादंबरीवर झालेल्या अन्यायाची कथा त्याने वाचली. त्यात त्याने लेखकाची बाजू घेतली हे स्वाभाविकच आहे, पण तेवढ्यावरून ‘वाचकांना शोकान्त हवा होता’ असा निष्कर्ष काढता येत नाही. या कौलाच्या आधारे प्रकाशकाचा १९६२ चा अंदाज चुकीचा ठरला असे म्हणणे तर अधिकच धाडसाचे आहे. नायिकेचा मृत्यू कोवळ्या वाचकाला सोसणार नाही असे गृहीत धरून मागितलेला तो बदल होता, असेच मानावे लागते. तो अंदाज खरा की खोटा हे सांगू शकणारा वाचक म्हणजे काहीही न सांगता मूळ शेवट ज्याच्या हाती दिला गेला आहे असा पंधरा वर्षांचा वाचक. १९६३ मध्ये त्याला दुसरा शेवट मिळाला आणि १९९३ मध्ये दोन्ही शेवट स्पष्टीकरणासह मिळाले. दोन्ही वेळी त्याच्या वतीने बोलणारे दुसरेच कोणी होते.

आता रचनेचा मुद्दा. दोन शेवटांतला फरक जेमतेम एका पानाचा आहे. पण ते पान कोणाच्या हातचे आहे हे महत्त्वाचे आहे. संपूर्ण कादंबरी पॉडकेनच्या रोजनिशीच्या रूपात आहे आणि अधूनमधून क्लार्कने त्याच वहीत अदृश्य शाईने केलेल्या नोंदी येतात. रोजनिशी लिहिणारी व्यक्ती स्वतःचा मृत्यू नोंदवू शकत नाही. त्यामुळे शेवटी वही क्लार्ककडे जाते, आणि हे हस्तांतर मूळ शेवटात अटळ व अर्थपूर्ण ठरते: आतापर्यंत चोरून लिहिणाऱ्या मुलावर आता उघडपणे लिहिण्याची पाळी येते, कारण वहीची मालकीण उरलेली नाही. बदललेल्या शेवटात हेच हस्तांतर तात्पुरती सोय बनते. वही थांबलेली नाही, केवळ दुसऱ्याने काही दिवस सांभाळली आहे.

याहून सूक्ष्म फरक परीच्या पिल्लासंबंधीचा आहे आणि कादंबरीचा खरा निकाल तेथेच लागतो. दोन्ही शेवटांत क्लार्क पिल्लाची काळजी घेण्याचे ठरवितो. मूळ शेवटात तो आपली चूक कबूल करतो, आपल्याला रडता येत नाही याची खंत करतो आणि ते पिल्लू स्वतः वाढविण्याचा बेत करतो. त्याच्यात माणूसपण अंकुरू लागल्याची ही पहिलीच खूण. आणि या कृतीचे बक्षीस देणारे कोणी नाही. छापील शेवटात तो पिल्लू सांभाळतो ते पॉडकेन बरी झाल्यावर तिला ते पाहावेसे वाटेल म्हणून. एका कारणवाचक वाक्याने कृतीचा अर्थ पालटतो. पहिल्या शेवटात क्लार्कला प्रथमच स्वतःहून काही वाटते. दुसऱ्यात तो बहिणीसाठी एक काम करतो, जे तो आधीच्या प्रकरणांतही करू शकला असता. शोकांतिकेची साहसकथा झाली ही वाचकांची तक्रार येथे सप्रमाण ठरते, फक्त तिचे केंद्र थोडे हलवावे लागते. हरवते ते पॉडकेनच्या मृत्यूचे दुःख नव्हे. हरवतो तो क्लार्कमधील बदल.

संस्कृत काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा वाद अपरिचित वाटू नये. वाल्मीकींच्या कथेत सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूती ‘उत्तररामचरिता’त राम-सीतेचे मीलन घडवितो. रामायणाचा अंगी रस करुण असून सीतेच्या चिरवियोगापर्यंत तो नेला आहे असे सांगणारा आनंदवर्धनच, प्राप्त कथेतील रसाला प्रतिकूल असलेला भाग कवीने टाकून द्यावा असेही सांगतो. म्हणजे शेवट बदलण्याचा अधिकार येथे मान्य आहे, परंतु तो रसाच्या औचित्याने बांधलेला आहे. पटनमच्या मागणीत रसाचा विचार नव्हता. बेनच्या स्पर्धेतील पहिल्या कारणातही तो नव्हता.

रसौचित्याची ही कसोटी लावली तर मूळ शेवटालाही पूर्ण गुण देता येत नाहीत. पॉडकेनची रोजनिशी खेळकर, गप्पिष्ट आणि स्वतःच्या हुशारीवर खूश असलेल्या मुलीची आहे. यानातील शिष्टाचार, शुक्रावरील झगमगाट, अंकल टॉमच्या गमती यांत पुस्तकाचा बराच भाग जातो. अपहरण आणि स्फोट अखेरच्या थोड्या पानांत उरकले जातात. मृत्यूची छाया आधी कोठेही पडत नाही, त्यामुळे तो आला तरी आघात होतो, शोक होत नाही. रचना सैल असल्याचा आक्षेप वाचकांनी बदललेल्या शेवटावर घेतला. खरे पाहता तो दोन्हींना सारखाच लागू आहे. मृत्यूमुळे तो झाकला जातो, इतकेच. कुमार वाचकाला मृत्यू पेलत नाही हे मत मराठी वाचकाला तसेही पटणारे नाही. ‘श्यामची आई’ (१९३५) पिढ्यान्‌पिढ्या याच वयात वाचली गेली आणि आईचा मृत्यू गाळावा असे कोणी सुचविल्याचे ऐकिवात नाही. पण तेथे पहिल्या रात्रीपासून सांगणाऱ्याच्या स्वरातच वियोग आहे. ‘पॉडकेन’मध्ये नेमकी तीच तयारी नाही.

कोणता शेवट, एवढाच प्रश्न विचारल्यामुळे आणखी एक गोष्ट दडून राहिली. हाइनलाइनच्या मते या कथेची खरी शोकांतिका पॉडकेनची नसून तिच्या आईची आहे: कर्तबगारीच्या नादात मुलांकडे पाहण्यास सवड न काढणारी स्त्री, आणि त्यामुळे विकृत वाढलेला मुलगा. छापील संहितेतही अंकल टॉम दूरध्वनीवरून मुलांच्या वडिलांना हेच सुनावतो आणि दोषाचा मोठा वाटा आईच्या पदरी टाकतो. वडीलही आपल्या अभ्यासात तितकेच गढलेले असतात, पण त्यांना वेगळा ठपका नाही. कप्तान होण्याची आकांक्षा बाळगणारी पॉडकेन स्वतः कथा पुढे सरकते तशी बालसंगोपनाकडे झुकू लागते. स्त्रीवादी जाणिवेने वाचणाऱ्यांना ही कादंबरी खुपते ती याच ठिकाणी. या दृष्टीने पाहता मृत्यूचा शेवट निवडणे ही केवळ कलात्मक निवड राहत नाही, कारण आईच्या व्यवसायनिष्ठेची किंमत मुलीच्या प्राणांनी चुकती करविणारा शेवट तोच आहे. बदललेल्या शेवटात आरोप टिकतो, शिक्षा मात्र सौम्य होते. क्लार्कच्या परिवर्तनासाठी मूळ शेवट हवा असे म्हणणाऱ्याने त्याबरोबर येणारा हा न्यायही स्वीकारलेला असतो.

१९९५ नंतरच्या आवृत्त्यांत मृत्यूचा शेवट रूढ झाला. त्यामुळे १९६३ ते १९९० च्या दशकापर्यंत ज्यांनी हे पुस्तक लहानपणी वाचले त्यांची पॉडकेन जिवंत आहे आणि पुढील वाचकांची नाही. एकाच शीर्षकाच्या पुस्तकाविषयीची या दोन पिढ्यांची मते एकत्र मोजताना कोणाच्या हाती कोणते शेवटचे पान होते, ही नोंद आधी करावी लागते.