श्रीगुरूंनी घर कसे सोडले?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात दुसऱ्या दिवसाचे वाचन संपले, आरती झाली आणि आम्ही पाच-सहा जण मंडपात प्रसाद घेत बसलो होतो. आमच्यातलेच एक गृहस्थ, इचलकरंजीचे. वय सत्तरीच्या पुढे, रोज इन्शुलिन घ्यावे लागते. पत्नीचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांच्या मुलाला पुण्यात दुप्पट पगाराची नोकरी चालून आली होती आणि घरात आठ दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते.

ते म्हणाले, "आजच बारावा अध्याय झाला. महाराजांनीसुद्धा आईवडिलांना सोडलंच की. मग मी माझ्या पोराला अडवणारा कोण?"

त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आणि पुंडलिकाचं काय? त्यानं आईबापांसाठी देवाला विटेवर उभं केलं. ते नाही आठवत तुम्हाला?"

दोघांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते! सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तो या ना त्या रूपाने आलेला आहे. म्हणून त्या दिवसापासून मी पाचवा, बारावा आणि तेरावा हे तीन अध्याय पुन्हा पुन्हा वाचले. श्रीगुरूंनी घर सोडले, हे आपल्याला पाठ आहे. पण *कसे* सोडले, तिकडे आपले लक्ष जात नाही.

पीठापूर : आधी व्यवस्था

पाचव्या अध्यायात श्रीपाद श्रीवल्लभांची जन्मकथा आहे. पीठापूरचे आपळराज आणि सुमती. त्यांची बरीच मुले गेली, दोन राहिली. त्यांतला एक आंधळा, एक पांगळा. श्रीदत्तप्रभू अतिथी होऊन दारी आले आणि सुमतीमातेच्या पोटी श्रीपादांचा जन्म झाला. म्हातारपणाचा आधार म्हणावा असा हा एकच मुलगा. सोळाव्या वर्षी आईवडील त्याच्या लग्नाचे बोलू लागले, तेव्हा त्याने आपण घर सोडून जाणार असल्याचे सांगितले.

आईच्या जिवाचे काय झाले असेल, ते सांगायला नको. आता पुढचे बघा. श्रीपादांनी "संसार मिथ्या आहे, रडू नका" एवढा उपदेश करून पाठ फिरवली नाही. त्यांनी दोन्ही भावांकडे कृपादृष्टीने पाहिले. आंधळ्याला डोळे आले, पांगळ्याला पाय आले, दोघांना ज्ञान झाले. आईवडिलांची सेवा करा, असे त्यांना सांगितले आणि मगच ते काशीच्या वाटेला लागले.

परमेश्वराचा अवतार! त्याला कोण जाब विचारणार होते? तरीही मागे राहणाऱ्यांची सोय लावल्याशिवाय त्याने उंबरा ओलांडला नाही.

कारंजा : आईचे ऐकून थांबणे

बाराव्या अध्यायात श्रीनृसिंह सरस्वतींची कथा. कारंज्याला माधव आणि अंबाभवानी यांच्या पोटी नरहरी जन्मला. मुंज होईपर्यंत ॐकाराशिवाय काही बोलला नाही. मुंजीत भिक्षा घेताना वेद बोलू लागला. आईला वाटले, आता आपले पांग फिटले. तर मुलगा म्हणतो, मला तीर्थाटनाला जायची आज्ञा द्या.

अंबामातेने आपले दुःख झाकून ठेवले नाही. "तू एकुलता एक, तुझ्यावाचून आमचे कोण?" हे तिने स्पष्ट सांगितले. नरहरीने तिला मागच्या जन्माची आठवण दिली, आणखी पुत्र होतील असे आश्वासन दिले. तेव्हा आईने एवढेच मागितले की निदान पुत्र होईपर्यंत तरी थांब. आणि तो थांबला! तो काळही वाया घालवला नाही, गावातल्या विद्वानांना वेद शिकवले. आईला जुळी मुले झाली, मग तिचा निरोप घेऊन तो निघाला. निघताना भेटीचे वचन दिले.

तेरावा अध्याय म्हणजे त्या वचनाची पूर्तता. जवळजवळ तीस वर्षांनी श्रीगुरू शिष्यांसह कारंज्याला आले, आईवडिलांना भेटले, रत्नाई या बहिणीलाही भेटले.

तीन अध्यायांतून तीन गोष्टी निघतात. जाण्याआधी व्यवस्था, जाताना मोकळ्या मनाची आज्ञा, आणि गेल्यावर परत येणे. या तिन्ही असतील तर दूर राहूनही मुलगा घरचाच राहतो. एकही नसेल तर शेजारच्या खोलीत राहणारासुद्धा परका.

आपल्या घरी याचा अर्थ काय?

आपण अवतार नाही. आपल्या दृष्टीने कोणाला पाय फुटत नाहीत. म्हणून आपली व्यवस्था कागदावर उतरवावी लागते. इन्शुलिन कोण आणणार? रात्री दोन वाजता दार कोण उघडणार, किल्ली कोणाकडे? दवाखान्यात सोबत कोण, खर्च कुठल्या खात्यातून? "देव बघेल" किंवा "शेजारी आहेतच की" ही व्यवस्था नव्हे. जो येणार आहे त्याला आधी विचारलेले असले पाहिजे.

इथे एक गोष्ट कडू वाटली तरी सांगतो. पीठापुरात भावांना आधी सामर्थ्य दिले, मग जबाबदारी दिली. आपण उलटे करतो. जो गावात राहिला त्याच्यावर, म्हणजे खरे तर त्याच्या बायकोवर, सगळा भार टाकतो आणि दूरच्या मुलाने दिवाळीला आणलेल्या साडीचे कौतुक चारचौघांत सांगतो. जवळ राहणाऱ्याला पैसा, सुट्टी आणि चांगला शब्द, तिन्ही मिळाले पाहिजेत. लेकीलाही या बोलण्यात घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे.

त्याच कायद्यातली आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावी. घर मुलाच्या नावे करायचेच असेल, तर आमचा सांभाळ करावा ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करण्यासाठी दाद मागता येते. कायद्याने माया मिळत नाही, पण डोक्यावरचे छप्पर राहते. मुलाकडे कायमचे जायचे ठरवले तरी गावचे घर लगेच विकू नका. तीन-चार महिने राहून बघा. चौथ्या मजल्यावर, ओळखीचे कोणी नाही, देऊळ लांब, हे सगळ्यांना मानवतेच असे नाही.

आज्ञा म्हणजे काय?

"जा बाबा, तुझं तू बघ" ही आज्ञा नव्हे, ते टोचणे आहे. आणि "आमची काही काळजी करू नकोस, आम्ही अगदी मजेत" हेही दर वेळी खरे नसते. अंबामाता मुलासमोर रडली, आपली गरज बोलली, मुदत मागितली आणि ती पुरी झाल्यावर निरोप दिला. आपण काय करतो? गरज लपवतो आणि मग मुलाला कळली नाही म्हणून मनात धरून बसतो.

श्रीदत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंमध्ये एक कपोत आहे. पिल्ले जाळ्यात सापडली म्हणून कबुतरी जाळ्यात शिरली, तिच्यामागे कबुतरही शिरले. अवधूताने त्यातून शिकून घेतले, की आसक्ती वाढली की सगळे घरटेच जाते. ही कथा मुलांना ऐकवायची नाही, ती आपल्यासाठी आहे. पोराने डोळ्यांसमोरच राहावे हा हट्ट त्याच्या भल्यासाठी आहे, की आपल्या भीतीपोटी, हे देवापुढे बसून स्वतःला विचारावे.

पण अंथरुणाला खिळलेले माणूस घरात असेल आणि खरोखरच दुसरे कोणी नसेल, तर? मग थांबणे हाच धर्म. पुंडलिकाचे स्मरण अशा वेळी करावे. मात्र थांबायचे तर हिशेब न ठेवता थांबावे. "तुमच्यामुळे माझं नुकसान झालं" हे वाक्य एकदा जरी घरात उच्चारले गेले, तरी केलेली सेवा कडू होते. आणि आईवडिलांनीही लोकांसमोर "याला बाहेर कुठे जमलंच नाही" असे म्हणू नये. थांबलेला मुलगा हरलेला नसतो.

त्या घराचे पुढे काय झाले

त्या गृहस्थांच्या मुलाने दोन महिन्यांची मुदत मागितली. कंपनी थांबायला तयार नव्हती, ती नोकरी गेली. घरात पुन्हा अबोला. त्यातच वहिनी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि "पोराला कशाला काळजी" म्हणून दोघांनी ते मुलापासून लपवले. तो त्याच घरात राहत होता, तरी त्याला चार दिवसांनी कळले! तो म्हणाला, "बाबा, मी इथे असून तुम्ही सांगत नाही, तर मी जवळ राहून उपयोग काय?"

त्या दिवशी खरे बोलणे झाले. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. सकाळ-संध्याकाळ येणारी एक बाई पगारावर ठेवली. डॉक्टरांचे सगळे सांगलीच्या लेकीने अंगावर घेतले आणि त्याचा खर्च भावाने. एक नियम ठरला, की फोनवर खोटे "बरे आहे" म्हणायचे नाही. सहा महिन्यांनी पुण्यातच दुसरी नोकरी लागली, पगार पहिल्यापेक्षा कमी. वडिलांनी देवापुढे नारळ ठेवून, सर्वांसमक्ष त्याला जायला सांगितले.

आता तो दर पौर्णिमेला येतो आणि दोघांना नृसिंहवाडीला घेऊन जातो. पौर्णिमा आठवड्याच्या मधेच आली तर जवळच्या रविवारी. वहिनींना पायऱ्या उतरवत नाहीत, त्या वरूनच हात जोडतात. गेल्या महिन्यात वाडीला भेटल्या. मी विचारले, "काय वहिनी, पुंडलिक काय म्हणतो?"

म्हणाल्या, "महिन्यातून एकदा येतो, पण येतो तेव्हा पूर्ण येतो. परवा मात्र फोनवर रडले मी. नियमच आहे ना, खरं सांगायचं."

यंदाच्या सप्ताहात दुसऱ्या दिवशी बारावा अध्याय येईल. ज्यांच्या घरी हा प्रश्न उभा आहे, त्यांनी मुलाला, सुनेला, लेकीला त्या दिवशी शेजारी बसवून ऐकावा. वाचन झाल्यावर कागद-पेन घेऊन बसावे. श्रीगुरूंनी घर कसे सोडले हे कळले, की आपण राहायचे की जायचे, हेही भांडणाशिवाय ठरते.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!