फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडायचं नाही

अगं, बाटल्या धुवायचा कंटाळा आला म्हणून तू केगकडे, म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपाकडे वळतेयस, हे ऐकून बरं वाटलं. घरच्या बिअरच्या पाच गॅलनच्या एका बॅचला पन्नासेक बाटल्या लागतात. त्या धुवा, निर्जंतुक करा, भरा, बुचं ठोका, आणि एवढं करून एखादी फुटतेच. त्यापेक्षा चेस्ट फ्रीझर घ्यायचा, त्यात केग उभे करायचे, बाहेर नळ काढायचे. इकडे मिशिगनमध्ये असे ‘कीझर’ निम्म्या गराजांत दिसतात. माझ्या हाताखालून बरेच गेले, जोडायलाही आणि दुरुस्तीलाही. तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी मामाचं ऐकून घे.

घरातला जुना फ्रीझर वापरणार असशील, तर त्यात आजवर काय ठेवलं होतं ते आठव. ओलं खोबरं, मटार, पुरणपोळ्या असतील तर हरकत नाही. सुरमई आणि कोळंबी वर्षानुवर्षं ठेवली असेल तर झाकणाच्या रबराला वास बसलेला असतो आणि तो खायच्या सोड्यानेही पुरता जात नाही. अशा वेळी रबर बदल, नाहीतर दुसरा फ्रीझर बघ.

केग घ्यायचे ते कॉर्नेलियस, म्हणजे सोड्याच्या सिरपसाठी बनलेले. पेप्सीवाल्यांचे बॉल-लॉक, कोकवाल्यांचे पिन-लॉक. त्यांच्या जोडण्या एकमेकांना बसत नाहीत, म्हणून एकच जात धर आणि तीच वाढव. मी बॉल-लॉकच्या बाजूने आहे, कारण त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. व्यास साधारण 8.5 इंच, उंची 25 इंच. 7 घनफुटांच्या फ्रीझरमध्ये असे तीन सहज बसतात, कधी चारही. पण ‘घनफूट’ बघून विकत घेऊ नकोस. पुठ्ठ्याचे 9 इंची गोल काप, दुकानात ने आणि फ्रीझरच्या तळाशी ठेवून बघ. कॉम्प्रेसरवर आत जो कट्टा असतो, त्याच्यावर केग मावत नाही, तिथे कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर ठेवायचा. दुकानदार बघत राहील, राहू दे.

आता मुख्य गोष्ट. नळासाठी फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडायचं नाही. हल्लीच्या चेस्ट फ्रीझरमध्ये गारवा देणाऱ्या गॅसच्या नळ्या भिंतींच्या आतच फिरवलेल्या असतात, आतल्या पत्र्यालाही आणि बाहेरच्यालाही चिकटून. कॉर्नस्टार्च आणि अल्कोहोलचा लेप लावून त्या शोधायची युक्ती लोक सांगतात. तू त्या फंदात पडू नकोस. ड्रिल अर्धा इंच चुकलं की फ्रीझर भंगारात. शिवाय नव्या यंत्रांत आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो. मागचं लेबल वाचून घे.

म्हणून नळ बसवायचे ते लाकडी चौकटीत. झाकण काढायचं, फ्रीझरच्या काठाच्या मापाची चौकट करायची आणि ती झाकण व फ्रीझर यांच्यामध्ये ठेवायची. होम डेपोत दोन-बाय-आठ म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात सव्वासात इंच रुंद भरते, तेवढी उंची पुरते. फळी निवडताना ती डोळ्यासमोर आडवी धर, एक डोळा मीट आणि कडेवरून पलीकडे बघ. वाक असेल तर लगेच दिसतो. वाकडी फळी सिलिकॉनने सरळ होत नाही, तिच्या फटीतून वर्षभर दमट हवा आत येत राहते. चौकटीच्या आतून इंचभर जाडीचा फोम लाव, नाहीतर लाकडाला पाणी सुटेल.

चौकट फ्रीझरला चिकटवायची की झाकणाला, यावर इथले लोक तावातावाने भांडतात. माझं मत झाकणाला. भरलेला केग जवळपास 50 पौंडांचा, म्हणजे 22-23 किलोंचा. चौकट फ्रीझरला पक्की केलीस तर तो दर वेळी आणखी सात इंच वर उचलून आत सोडायचा. झाकणाबरोबर चौकटही वर गेली तर तेवढी उचल वाचते. नळ झाकणाबरोबर हलतात खरे, पण नळ्यांना थोडी ढील ठेवली की भागतं. आज तुझी पाठ शाबूत आहे म्हणून हसशील. आणि रिकामा केग काढताना हसायला हरकत नाही, भरलेला ठेवताना जावईबापूंना बोलव.

बाकी सगळा खेळ तापमानाचा आहे. फ्रीझरचं बटण बिअरच्या तापमानाला थांबत नाही, ते उणे अठराकडे धावतं. म्हणून बाहेरून थर्मोस्टॅट जोडायचा. इंकबर्डचा आयटीसी-308 बरेच जण वापरतात. फ्रीझर त्यात लावायचा आणि 38 फॅरनहाइट, म्हणजे 3 सेल्सियसच्या किंचित वर ठेवायचा. त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नकोस. हवा मिनिटात तापते आणि मिनिटात गार होते, कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन लवकर मरतो. केगच्या अंगाला मध्यावर सेन्सर टेपने चिकटव, वरून फोमचा तुकडा बांध. आपल्याला बिअरचं तापमान हवंय, हवेचं नाही. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी काही मिनिटं थांबावा अशी सोय त्या यंत्रात असते, ती वापर.

मग तू म्हणशील, थर्मोस्टॅट 38 दाखवतोय तरी पहिला ग्लास निम्मा फेसाचाच का? कारण थंड हवा तळाशी बसते. तळाला 36 असतं तेव्हा वर चौकटीपाशी पन्नासच्या आसपास असू शकतं, आणि तुझा नळ आणि नळीचा शेवटचा भाग नेमका तिथे. गार बिअर गरम धातूला लागली की तिच्यातला वायू सुटतो. दुसरा ग्लास ठीक येतो, कारण तोवर नळ गार झालेला असतो. यावर उपाय म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा. तळाशी ठेव, तोंड वर कर, चालूच राहू दे. वीज नगण्य लागते.

हे न कळल्यामुळे माणसं काय करतात, तर फेस आला की सिलिंडरच्या रेग्युलेटरवर गॅसचा दाब कमी करतात. दोन दिवस बरं वाटतं, मग बिअर मिळमिळीत होते, मग दाब वाढवतात, मग पुन्हा फेस. रेग्युलेटरचा पेच म्हणजे नळाचा कान नव्हे, त्याला उठसूट पिरगळायचं नाही. 38 फॅरनहाइटला 12 पीएसआयच्या आसपास ठेवलं की नेहमीच्या एल जातीच्या बिअरला पुरेसा वायू मुरतो. त्याला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, लागू देत. 30 पीएसआय लावून केग हलवून हलवून दोन दिवसांत उरकायची पद्धत आहे. ती साधली तर साधली, नाहीतर जास्तीचा वायू काढत बसावं लागतं. आणि दाब ठरला की नळीची लांबी ठरते. 3/16 इंच आतल्या व्यासाची व्हिनाइल नळी, प्रत्येक नळाला 10 फूट. नळीच दाब खाते, म्हणून ग्लासात बिअर शांत उतरते. नळी लांब दिसते म्हणून कापायची नाही, गुंडाळी करून केगवर ठेवायची.

गॅसचं बोलायचं तर काट्यावर विश्वास ठेवू नकोस. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, आणि द्रवाचा एक चमचा जरी शिल्लक असला तरी काटा पूर्ण दाब दाखवतो. खोलीत साडेआठशे पीएसआय दाखवणारा काटा फ्रीझरमध्ये साडेपाचशेपर्यंत उतरतो. सिलिंडर रिकामा झाला असं वाटून लोक धावपळ करतात. खरा हिशेब वजनाचा. सिलिंडरच्या मानेवर रिकाम्याचं वजन ठोकलेलं असतं, ते वजा कर. 5 पौंड गॅसमध्ये सहा-सात केग आरामात निघतात. त्याआधी संपला तर गळती आहे. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपड, बुडबुडा कुठे फुगतो ते बघ. बहुतेक वेळा दोष केगच्या झाकणाच्या रबरात सापडतो. हे झाकण हॉकिन्स कुकरसारखं आतून वर बसतं. आधी रबराला केगचं वंगण लाव, मग थोडा वेळ 30 पीएसआय देऊन ते घट्ट बसव.

गळती म्हणजे पैशाचंच नुकसान नाही. 5 पौंड द्रवाचा सुमारे सव्वा हजार लिटर वायू होतो, तो हवेपेक्षा जड, बेसमेंटमध्ये खाली साचतो. झाकण उघडून वाकलीस आणि नाकात झिणझिण्या आल्या तर लगेच मागे हो, दारं-खिडक्या उघड. सिलिंडर भरून आणताना गाडीत पक्का बांध आणि काच खाली ठेव, थंडीतसुद्धा.

थंडीवरून आठवलं. तुझं गराज जानेवारीत शून्याच्या खूप खाली जातं, तिथे फ्रीझर बिअर गार ठेवत नाही, गराजच ती गोठवतं. इंकबर्डला दुसरा प्लग उष्णतेचा असतो, त्यावर रोपांखाली ठेवतात तसली छोटी तापपट्टी लाव.

आत ओल साचते, बुरशी येते. कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेव आणि भरला की ओत. नळ्या दर दोन आठवड्यांनी धू. नळ घेताना पुढून बंद होणारा स्टेनलेसचा घे, पेर्लिकचे चांगले असतात. साध्या नळात बिअर अडकून सुकते आणि दांडा चिकटतो. इथे पैसे वाचवायचे नाहीत, लाकडात वाचव.

कायद्याचं म्हणशील तर अमेरिकेत जिमी कार्टर यांनी 1978 साली सही केली आणि घरची बिअर केंद्रीय करातून सुटली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, एकट्याला 100, विकायची मात्र नाही. तुझा भाऊ पुण्याहून सारखं विचारतोय, त्याला सांग की महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. त्याने इथे यावं आणि प्यावं.

एक नळ न पिणाऱ्यांसाठी ठेव. आमच्याकडे मामी अशा नळातून कोकम सरबत काढते. जिरं घातलेलं सरबत दोनदा मलमलच्या कापडातून गाळ, नाहीतर जिऱ्याचा एक कण केगच्या झडपेत अडकतो आणि ती झडप बंदच होत नाही. साखर आहे आणि अल्कोहोल नाही, म्हणून केग आधी नीट निर्जंतुक कर; आत कुठे यीस्ट राहिलं आणि फ्रीझर बंद पडला तर सरबत आंबायला लागेल. दोन आठवड्यांत संपव. त्या केगची सगळी रबरं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने खूण करून ठेव, बिअरच्या केगला परत लावायची नाहीत, आणि नळीसुद्धा त्याच कामाला राहू दे.