घरबसल्या क्लेम डेस्क: लायसन्स स्वस्त, वाट पाहणं महाग

“छपराचे चौदा हजार मंजूर केलेत म्हणता, आणि चेक फक्त हजाराचा?” फोनवरचे गृहस्थ तापले होते. माझ्यासमोर दोन स्क्रीन. एकीवर गारांनी फुटलेल्या शिंगलांचे फोटो, दुसरीवर त्यांची पॉलिसी. मी हिशेब वाचून दाखवला. नवं छप्पर घालायला १४,००० डॉलर. जुनं छप्पर दहा वर्षांचं, त्याचं आयुष्य वीस वर्षांचं धरलेलं, म्हणून निम्मा घसारा, ७,००० वजा. घराचा विमा ३ लाखांचा आणि वादळ-गारांचं डिडक्टिबल २ टक्के, म्हणजे आणखी ६,००० वजा. उरले १,०००. त्यांची पॉलिसी घसारा परत देणारी होती. काम पुरं करून बिल पाठवलं की ते ७,००० मिळणार होते. “पण रूफवाला म्हणतो, डिडक्टिबल तोच सोसेल!” टेक्सासच्या कायद्यात हा गुन्हा आहे आणि २०१९च्या दुरुस्तीपासून कंपनी डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते, हेही मलाच सांगायचं होतं. बावीस मिनिटांनी फोन ठेवला आणि त्या बावीस मिनिटांची नोंद फाइलमध्ये लिहायला घेतली.

डेस्क ॲडजस्टरचा दिवस हा असा. शिडी लावून छपरावर चढतो तो फील्ड ॲडजस्टर. त्याचे फोटो आणि मोजमापं घेऊन, पॉलिसी वाचून, किती द्यायचे ते ठरवतो आणि ग्राहकाला समजावतो तो डेस्कवाला. हे काम घरून होतं, म्हणूनच मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मला दरवर्षी कुणीतरी गाठतं: “एका महिन्यात लायसन्स, घरबसल्या काम आणि वर्षाला लाखाच्या वर डॉलर, खरं का गं?” महिन्याभरात लायसन्स मिळतं, हे खरं. पुढच्या दोन्ही गोष्टींचा हिशेब मांडायला हवा.

आधी कामाची परवानगी

सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाल्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. एच-४ व्हिसावर असाल तर जोडीदाराचा ग्रीनकार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला हवा. मग कामाच्या परवान्याचा, म्हणजे ईएडीचा, अर्ज करता येतो. ही सोय मे २०१५पासून आहे. एप्रिल २०२४पासून कागदी अर्जाची फी ५२० डॉलर आहे. एल-२ जोडीदाराला आय-९४ वर एल-२एस शिक्का असेल तर वेगळं ईएडी लागत नाही.

इथे एक खड्डा आहे. ३० ऑक्टोबर २०२५पासून ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज नुसता पडून आहे म्हणून जुना परवाना आपोआप वाढत नाही. कार्डाची तारीख संपली आणि नवं हातात नसलं, तर त्या दिवसापासून काम थांबवावं लागतं. म्हणून नोकरी धरण्याआधी कार्डावर किती महिने उरलेत ते बघा आणि अर्जाची मुदत सुरू होताच नूतनीकरणाचा अर्ज टाका.

लायसन्स: कुठलं आणि कितीला

अमेरिकेत विमा हा राज्यांचा विषय आहे, तेव्हा देशभर चालणारं एकच लायसन्स नसतं. तुम्ही कुठे राहता यावर सुरुवात ठरते.

टेक्सासमध्ये राहत असाल तर ‘ऑल लाइन्स’ ॲडजस्टरचं लायसन्स घ्या. घर, गाडी, धंदा, सगळ्या क्लेमना ते चालतं. राज्याची परीक्षा केंद्रावर जाऊन देता येते. पण बहुतेक जण राज्यमान्य ४० तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतात, कारण त्याच्या शेवटच्या परीक्षेत पास झालात की राज्याची परीक्षा माफ होते. खर्च असा धरा:

• अभ्यासक्रम आणि त्यातली परीक्षा: साधारण १५० ते ३५० डॉलर
• बोटांचे ठसे: चाळीसेक डॉलर
• राज्याकडे अर्ज: ५० डॉलर

एकूण २४० ते ४४० डॉलर. दर दोन वर्षांनी नूतनीकरणाला पुन्हा ५० डॉलर आणि २४ तासांचं फेरशिक्षण. ते तास राहिले तर दर तासामागे ५० डॉलर दंड, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

फ्लोरिडात राहणाऱ्यांसाठी तिथलं ६-२० लायसन्स आहे. न्यू जर्सी, इलिनॉय, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत कंपनीच्या किंवा स्वतंत्र ॲडजस्टरला घरच्या राज्याचं असं लायसन्सच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मैत्रिणी यावर खूश होतात, पण त्यात एक मेख आहे. डेस्कवर बसून तुम्ही दुसऱ्या राज्यांचे क्लेम हाताळणार आणि ती राज्यं लायसन्स मागणार. अशा वेळी टेक्सास किंवा फ्लोरिडाला ‘नेमलेलं गृहराज्य’ करून तिथलं लायसन्स घेता येतं. ते हाती आलं की बरीच राज्यं परीक्षा न घेता फीवर आपलं लायसन्स देतात. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया मात्र यात नाहीत. न्यू यॉर्कची परीक्षा स्वतंत्र द्यावी लागते, आणि स्वतंत्र ॲडजस्टरला कॅलिफोर्निया आधी अनुभव मागतं.

हौसेनं दहा राज्यांची लायसन्सं काढणारे मी पाहिलेत. प्रत्येकाची फी वेगळी, नूतनीकरणाची तारीख वेगळी. काम देणारा सांगेल तेव्हाच पुढचं राज्य घ्या. पगारी नोकरीत तो खर्च बहुधा कंपनीच करते.

टेबल, स्क्रीन, सॉफ्टवेअर

दोन स्क्रीन ही चैन नव्हे. फोटो एकीकडे आणि पॉलिसी दुसरीकडे उघडी नसेल तर डोळे आणि वेळ दोन्ही जातात. दोन साधे मॉनिटर, बरा हेडसेट आणि राउटरपासून टेबलापर्यंत नेटची केबल एवढं तीनशे डॉलरमध्ये बसतं. वायफायवर भरवसा ठेवू नका. ग्राहक हुंदके देत बोलत असताना आवाज तुटला तर ते नातं पुन्हा जुळत नाही. पगारी नोकरीत ही सामग्रीही कंपनीच पाठवते, तेव्हा खरेदी त्याआधी करू नका.

घराच्या नुकसानीचा अंदाज काढायला इथे बहुतेक ठिकाणी ‘एक्झॅक्टिमेट’ वापरतात. स्वतःच्या नावावर सदस्यत्व घेतलं तर महिन्याला शेकड्यांत जातं. काम नसताना ते चालू ठेवणं म्हणजे रिकाम्या गाळ्याचं भाडं भरणं. काम मिळेपर्यंत खोल्यांचं रेखाटन आणि ओळीओळीने दर लावायची पद्धत समजली तरी पुरे.

पगारी की कंत्राटी

पूर्ण हिशेब इथे फिरतो. विमा कंपनीच्या पगारावर असलेला तो स्टाफ ॲडजस्टर: ठरलेला पगार, आरोग्यविमा, रजा, कंपनीच्या खर्चाने प्रशिक्षण. स्वतंत्र ॲडजस्टर एखाद्या फर्मच्या यादीत नाव घालतो आणि काम आलं की दिवसाच्या दराने किंवा फाइलमागे पैसे घेतो. तिसरा पब्लिक ॲडजस्टर. तो कंपनीच्या बाजूचा नसून घरमालकाची बाजू मांडतो. त्याचं लायसन्स वेगळं, आणि टेक्सासमध्ये त्याला क्लेमच्या रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

सरकारी आकडेवारीनुसार या व्यवसायातला मध्यक पगार वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास आहे. मध्यक म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी मिळतात, आणि नवखे त्या निम्म्यांत असतात. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे येत्या दशकात या नोकऱ्या सुमारे ५ टक्क्यांनी घटणार आहेत. साधे क्लेम सॉफ्टवेअर सोडवू लागलंय. जागा निघत राहतील, कारण माणसं निवृत्त होतात आणि काम सोडतात. पण हे वाढतं क्षेत्र आहे असं सांगून कुणी काही विकत असेल तर सावध व्हा.

लाखाच्या वरचे आकडे येतात ते स्वतंत्र ॲडजस्टरांच्या वादळी वर्षांतून. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. मोठं वादळ किनाऱ्याला लागलं की फर्म शेकडो लोक उभे करतात, आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला बारा तास. हंगाम शांत गेला तर फोन वाजत नाही. आणि वाजला तरी आधी अनुभवींसाठी वाजतो. लायसन्स काढून सहा सहा महिने यादीत पडून राहिलेले लोक थोडेथोडके नाहीत.

जो खर्च दिसत नाही

कर. कंत्राटी उत्पन्नावर नेहमीच्या आयकराशिवाय १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर आहे, तोही निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्क्यांवर. खर्च वजा जाता ४०,००० डॉलर मिळाले तर हा एकटा कर ५,६५० च्या आसपास होतो. तो भरायचा चार हप्त्यांत: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. चुकीबद्दलच्या दाव्यांचा विमा आणि आरोग्यविमाही तुमच्याच खिशातून.

पाळणाघर. घरून काम म्हणजे ते वाचलं, हा सगळ्यात महागडा गैरसमज. फोन रेकॉर्ड होतात. शिवाय कायद्याचं घड्याळ चालू असतं: टेक्सासमध्ये क्लेमची सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत पोच आणि तपासाची सुरुवात, सगळी कागदपत्रं आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत हो की नाही, आणि हो म्हटल्यावर कामकाजाच्या ५ दिवसांत पैसे. शंभरेक उघड्या फाइलींना ही घड्याळं लागलेली असताना मांडीवर मूल घेऊन हे होत नाही.

माहेर. “तीन महिने नाशिकला जाऊन तिथून काम करीन” हा बेत मनातून काढा. बहुतेक कंपन्या देशाबाहेरून लॉगइन करू देत नाहीत. नोकरी घेतानाच लेखी विचारा.

इथे पैसे घालू नका

माझ्याकडून झालेली चूक सांगते. लायसन्स हातात आल्या आल्या मी एका हॉटेलच्या हॉलमधल्या पाच दिवसांच्या ‘खास प्रशिक्षणाला’ १,८०० डॉलर भरले. शेवटी चकचकीत प्रमाणपत्र आणि ‘आमच्या ओळखीच्या फर्म’ची यादी मिळाली. ती यादी कुणालाही शोधून सापडणारी होती. पहिली नोकरी मला मिळाली ती चार महिन्यांनी, गाड्यांच्या क्लेमच्या फोन डेस्कवर, शिकाऊ म्हणून. प्रशिक्षण कंपनीने दिलं, पगारासकट. त्या प्रमाणपत्राबद्दल मुलाखतीत कुणी विचारलंही नाही. विचारलं ते एवढंच: संतापलेल्या माणसाशी शेवटचं कधी बोललात आणि काय बोललात? मुंबईत बँकेच्या काउंटरवर काढलेली पाच वर्षं तिथे कामी आली.

आणि लक्षात ठेवा, नोकरी देण्याआधी ‘लायसन्स प्रोसेसिंग’ किंवा लॅपटॉपच्या नावाने पैसे मागणारा लुबाडायला बसलाय.

कोणत्या क्रमाने

१. पहिला महिना, खर्च शून्य. स्वतःच्या घराची आणि गाडीची पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. कंटाळा आला तर हे काम तुमचं नाही, आणि हा शोध फुकटात लागला.

२. शिकाऊ क्लेम प्रतिनिधीच्या जागांना अर्ज सुरू करा, लायसन्सशिवायच. ‘लायसन्स आम्ही काढून देऊ’ असं लिहिणाऱ्या बऱ्याच जाहिराती असतात. तिथे निवड झाली तर तुमचा खर्च वाचला.

३. दोन महिन्यांत बोलावणं आलं नाही तर २४० ते ४४० डॉलर घालून एकच लायसन्स काढा आणि ते अर्जात वरच लिहा.

४. स्वतंत्र ॲडजस्टर व्हायचं ते एकदोन वर्षं पगारावर काढल्यावर, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून.

ईएडीचे ५२० धरले तरी लायसन्सपर्यंतचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत बसतो. जड जातात ते लायसन्स आणि पहिली फाइल यांमधले रिकामे महिने. म्हणून प्रसादाच्या रांगेत आता मी उलटा प्रश्न विचारते: चौदा हजारांतले हजारच का, हे त्या गृहस्थांना न चिडता तुम्ही समजावून सांगाल? उत्तर हो असेल तर आजच पॉलिसी वाचायला घ्या.