आधी पाटी वाच, मग पाना उचल

बाळा, पाणबुडीचा जुना हॉर्न हाती आला की पहिला हात पॉलिशच्या डब्याकडे जातो. तो आवर. आधी त्यावरची पाटी वाच आणि फोटो काढ.

हा हॉर्न म्हणजे क्लॅक्सन, मुळात मोटारगाडीचा भोंगा. मिलर रीस हचिसन या अमेरिकी माणसाने तो बनवला आणि १९०८ साली नेवार्कच्या लोव्हेल-मॅक्कॉनेल कंपनीने त्याचे हक्क घेतले. पाणबुड्यांत तो पुढे गेला. म्हणूनच गाडीचा हॉर्न पाणबुडीचा म्हणून गळ्यात मारणारे पुष्कळ. पाटीवर व्होल्टेज बघ: गाडीचा ६ नाहीतर १२ व्होल्टचा. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पाणबुडीतला साधारण १२० व्होल्ट डीसीचा. केबल आत शिरते तिथे पाणी अडवणारी ग्लँड हवी, झाकणाखाली गॅस्केट हवं. सोबत स्विच मिळाला तर हँडलचा रंग बघ. त्या बोटींवर पिवळं हँडल जनरल अलार्मचं, लाल टकरीचं, हिरवं बुडी मारण्याचं. भोंगा दोनदा वाजला की बोट खाली, तीनदा वाजला की वर.

आता उघडताना. जुनी गॅस्केटं आणि तारांची वेष्टनं यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, रंगात शिसं. काहीही सुकं घासू नकोस. ओलं कर, चांगला मास्क लाव.

आत मोटरच्या दांड्यावर दातेरी चाक दिसेल आणि पोलादी पडद्याच्या मधोमध एक बटण. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसे ते दाते बटणावरून जातात, पडदा थरथरतो आणि कर्णा तो आवाज मोठा करतो. सगळी करामत चाक आणि बटण यांच्यातल्या अंतरात आहे. जास्त जवळ आणलंस तर मोटर अडते, लांब ठेवलंस तर नुसतीच घरघर. ॲडजस्टमेंटचा स्क्रू जरा जरा फिरवत कानाने जुळव. पडदा ठोकून सरळ करू नकोस आणि त्यावर रंगाचे थर चढवू नकोस, आवाज मरतो.

मोटरच्या कॉम्युटेटरला एमरी पेपर कधीही नाही. बारीक काचपेपर वापर आणि दोन पट्ट्यांमधला कचरा काढून टाक. वाइंडिंगला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लाव. रीडिंग कमी आलं तर ओल धरलीय, मंद उबेत सावकाश वाळव. घाई केलीस तर वाइंडिंग गेलंच म्हणून समज.

घरच्या २३० व्होल्टला थेट कधीच जोडू नकोस. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, व्हेरिअ‍ॅक, रेक्टिफायर असा क्रम ठेव आणि व्होल्टेज हळूहळू वाढव. अशी मोटर बहुधा सिरीज वाउंड असते. चाक काढून मोकळी पळवलीस तर वेग हाताबाहेर जाईल. कानांना इअरमफ हवेतच, आणि वाजवायचा तो काही सेकंदच.

काढलेला एकही भाग फेकू नकोस. चिठ्ठी लावून हॉर्नसोबतच ठेव, म्हणजे पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला मूळचं काय आणि तू घातलेलं काय, ते कळेल.